एका दिवसाचे टालिन

बाल्टिक समुद्रावर उन्हाळ्यातली पहाट फार लवकर होते. जूनमध्ये चारच्या सुमारास क्षितिज उजळते आणि रात्री साडेदहापर्यंत सूर्य मावळत नाही. अशा एखाद्या पहाटे फिनलंडच्या आखातातून दक्षिण किनाऱ्याकडे निघालेल्या जहाजाच्या कठड्याशी उभ्या असलेल्या प्रवाशाला किनारा नीट दिसण्यापूर्वीच एक निमुळता मनोरा दिसतो. जहाज पुढे सरकते, तसे त्या मनोऱ्याच्या आजूबाजूला आणखी मनोरे, लाल कौलांची उतरती छपरे आणि टेकडीवरचा एक जुना कोट हळूहळू आकार घेऊ लागतो. हे एस्टोनिया या छोट्या देशाच्या राजधानीचे शहर, टालिन. देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत. त्यांपैकी सुमारे साडेचार लाख माणसे या एका शहरात राहतात.

तो पहिला मनोरा ओलेविस्ते चर्चचा आहे. आज त्याची उंची सुमारे 124 मीटर आहे. सोळाव्या शतकात तो याहूनही उंच होता आणि काही काळ जगातील सर्वांत उंच इमारत तीच होती, असे पूर्वी सांगितले जाई. अलीकडचे अभ्यासक मात्र त्याविषयी शंका घेतात. उंचीचा वाद बाजूला ठेवला, तरी मनोऱ्याचे काम स्पष्ट होते. दूरवरून येणाऱ्या गलबतांना बंदराची दिशा कळावी, ही त्याची एक मोठी उपयुक्तता होती. उंचीमुळेच त्याच्यावर अनेकदा वीज कोसळली आणि 1625 च्या आगीत तो जळाला. पुढे सोव्हिएत राजवटीत याच मनोऱ्यावरून गुप्तहेर खात्याची संदेशयंत्रणा चालत असे. देवाकडे बोट दाखवण्यासाठी उभारलेल्या मनोऱ्याला इतिहासाने किती निरनिराळी कामे लावली, याचे हे बोलके उदाहरण होय.

टालिन समजून घ्यायचे, तर आधी हा समुद्र समजून घ्यावा लागतो. बाल्टिक हा जवळजवळ चोहोबाजूंनी जमिनीने वेढलेला समुद्र आहे. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांमधून तेवढा तो उत्तर समुद्राला जोडलेला आहे. असंख्य नद्यांचे गोडे पाणी त्यात येऊन मिळते. त्यामुळे त्याचे पाणी खारट म्हणण्यापेक्षा मचूळ म्हणणेच योग्य ठरेल. येथे भरती-ओहोटी जवळपास जाणवत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समुद्राचे हे रूप चमत्कारिक वाटेल. समुद्रात बुडालेली लाकडी जहाजे पोखरून फस्त करणारा जीव अशा कमी क्षाराच्या पाण्यात तग धरू शकत नाही. म्हणूनच शेकडो वर्षांपूर्वी बुडालेली गलबते बाल्टिकच्या तळाशी व काठच्या गाळात आश्चर्यकारक अवस्थेत टिकून राहिली आहेत. 2022 मध्ये टालिनच्या बंदराजवळ एका इमारतीच्या पायाचे खोदकाम चालू असताना रस्त्याखाली अवघ्या दीड मीटरवर मध्ययुगीन मालवाहू जहाजाचा चोवीस मीटरहून अधिक लांबीचा सांगाडा सापडला. आज जेथे रस्ता आहे, तेथे तेव्हा पाणी होते.

याच समुद्रावर आता वेगळ्या प्रकारची जहाजे येतात. क्रूझ म्हणून ओळखले जाणारे हे जहाज म्हणजे चालतेबोलते हॉटेलच. त्यावर दोन-तीन हजार प्रवासी असतात. त्यांच्या निवासाची, भोजनाची आणि करमणुकीची सारी सोय जहाजावरच असते. बाल्टिकच्या काठावरील कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, रिगा, ग्दान्स्क ही बंदरे एकमेकांपासून फार दूर नाहीत. हेलसिंकी तर टालिनपासून पाण्याने केवळ ऐंशी किलोमीटरवर आहे. त्यामुळे रात्री प्रवास करायचा आणि दिवसा एखाद्या बंदरात थांबायचे, हा क्रम या समुद्रावर सहज जमतो. सकाळी आठच्या सुमारास जहाज धक्क्याला लागते आणि दुपारी चार-पाचला सुटते. मधले सहा-सात तास एवढाच काय तो प्रवाशाच्या वाट्याला येणारा मुक्काम.

या मुक्कामाची शिस्त कडक असते. उतरताना प्रत्येक प्रवाशाचे ओळखपत्र शिडीपाशी यंत्रावर तपासले जाते आणि परतल्यावर पुन्हा त्याची नोंद होते. जहाज सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सर्वांनी परत यावे, असा नियम असतो. जहाजकंपनीच्या सहलीबरोबर गेलेल्या बसला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर हिंडणाऱ्यासाठी ते थांबत नाही. त्याला पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. भारतीय प्रवाशाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एस्टोनिया 2007 च्या अखेरीपासून शेंगेन देशांच्या समूहात आहे. त्यामुळे तेथे पाऊल ठेवायचे, तर काही तासांसाठी का असेना, शेंगेन व्हिसा आवश्यक ठरतो.

टालिनचे एक भाग्य असे की, बंदर आणि जुने शहर यांच्यामध्ये फार अंतर नाही. धक्क्यापासून तटबंदीपर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. बस, रिक्षा, वाटाड्या यांपैकी कशाचीही गरज भासत नाही. बहुतेक प्रवासी हे अंतर भराभर कापतात, कारण त्यांना चित्रातले मध्ययुगीन शहर पाहायचे असते. वास्तविक या छोट्याशा वाटेवर टालिनच्या अलीकडच्या इतिहासातील दोन खुणा उभ्या आहेत, आणि त्या घाईने ओलांडण्यासारख्या नाहीत.

पहिली खूण म्हणजे लिन्नाहाल ही सिमेंट-काँक्रीटची व दगडाची अवाढव्य, बैठी इमारत. 1980 च्या ऑलिंपिकचे यजमानपद मॉस्कोकडे होते. परंतु मॉस्कोला समुद्र नाही. शिडाच्या नौकांच्या शर्यती टालिनमध्ये झाल्या आणि त्या निमित्ताने हे सभागृह उभारले गेले. तेव्हा त्याला लेनिनचे नाव होते. आज त्याचे दरवाजे बंद आहेत, पायऱ्यांच्या फटींतून गवत उगवले आहे आणि भिंती रंगीबेरंगी अक्षरांनी भरलेल्या आहेत. पाडावे तर वास्तुकलेचा ठेवा जाणार, दुरुस्त करावे तर अफाट खर्च येणार, अशा पेचात ही वास्तू अडकलेली आहे.

दुसरी खूण तटाच्या अगदी जवळ आहे. जमिनीतून उठून हवेतच तुटलेली एक काळी वक्ररेषा असे त्या स्मारकाचे रूप आहे आणि 'तुटलेली रेषा' हेच त्याचे नावही आहे. 28 सप्टेंबर 1994 च्या मध्यरात्रीनंतर टालिनहून स्टॉकहोमला निघालेले 'एस्टोनिया' नावाचे प्रवासी जहाज वादळी समुद्रात बुडाले. जहाजावर 989 माणसे होती. त्यांपैकी 852 मृत्युमुखी पडली. जहाजाच्या नाळेवरचा, वर उचलला जाणारा दरवाजा लाटांच्या तडाख्याने निखळला आणि मोटारी ठेवण्याच्या मजल्यावर पाणी शिरले, असा निष्कर्ष अधिकृत चौकशीत काढण्यात आला. नुकतेच स्वतंत्र झालेले ते छोटे राष्ट्र या आघाताने हादरून गेले. या दुर्घटनेनंतर युरोपातील प्रवासी जहाजांच्या सुरक्षेचे नियम अधिक कठोर करण्यात आले. सकाळी जहाजावरून उतरून हसतखेळत शहराकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या वाटेवरच हे स्मारक यावे, हा योगायोग म्हणावा लागेल.

स्मारकाच्या बाजूलाच समुद्राकडची मोठी वेस आहे आणि वेशीला लागून एक अतिविशाल बुरूज. त्याला लोक 'जाडी मार्गारेट' म्हणतात. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या या बुरुजाचा व्यास सुमारे पंचवीस मीटर असून त्याच्या भिंती काही ठिकाणी चार-पाच मीटर जाड आहेत. बंदराचे रक्षण करणे हा त्याचा हेतू होताच. शिवाय समुद्रमार्गे येणाऱ्या पाहुण्याला शहराच्या सामर्थ्याची दहशत वाटावी, हाही होता. पुढे त्याचा तुरुंग झाला. आता तेथे सागरी वस्तुसंग्रहालय आहे आणि खोदकामात सापडलेले एक मध्ययुगीन गलबत त्यात मांडून ठेवले आहे.

वेशीतून आत शिरल्यावर जो रस्ता लागतो, त्याचे नाव पिक्क, म्हणजे लांब. दगडगोट्यांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना एकमेकींना चिकटून उभी असलेली उंच, अरुंद घरे आणि त्यांच्या त्रिकोणी माथ्याच्या दर्शनी भिंती. यांतली तीन घरे 'तीन बहिणी' या नावाने प्रसिद्ध आहेत. या घरांच्या वरच्या मजल्यांना दारासारख्या मोठ्या खिडक्या आहेत आणि माथ्याजवळ भिंतीतून एक तुळई बाहेर आलेली दिसते. ती शोभेची नाही. तिला कप्पी बांधून रस्त्यावरची पोती दोराने वर ओढली जात. खालच्या दालनात व्यवहार होत, मागे कुटुंब राहत असे आणि डोक्यावरच्या माळ्यांवर मीठ, धान्य, सण, कातडी असा माल भरलेला असे. व्यापारी आपल्या संपत्तीच्या अक्षरशः खाली झोपत होता.

ही संपत्ती आली कोठून? 1219 मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्देमार याने येथील टेकडीवरचा एस्टोनियन लोकांचा कोट जिंकला. 'टालिन' हे नाव 'डेन लोकांचे गाव' अशा अर्थाच्या एस्टोनियन शब्दांवरून आले असावे, असे मानले जाते. व्यापारी जर्मन मात्र या शहराला रेवाल म्हणत आणि 1918 पर्यंत तेच नाव कागदोपत्री चालत होते. 1248 मध्ये शहराला जर्मनीतील लुबेक शहराचा कायदा लागू झाला आणि पुढे ते हान्सा या व्यापारी शहरांच्या संघात सामील झाले. हान्सा हे राज्य नव्हते. त्याला राजा नव्हता, राजधानी नव्हती, कायमचे सैन्यही नव्हते. उत्तर युरोपातील शहरांनी परस्परांच्या व्यापाऱ्यांना संरक्षण आणि सवलती द्याव्यात, एवढाच त्याचा पाया होता. तथापि या पायावर त्याने काही शतके बाल्टिकचा व्यापार आपल्या मुठीत ठेवला.

टालिन या साखळीच्या पूर्वेकडच्या टोकाला होते. रशियातील नोव्हगोरोदहून मौल्यवान कातडी आणि मेण येई. पश्चिमेकडून कापड, हेरिंग मासे आणि मुख्यतः मीठ येई. टालिन मिठावर उभे राहिले, असे तेथे म्हटले जाते आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. समुद्राचे पाणी मचूळ, ऊन अपुरे. अशा प्रदेशात मिठागरे करणे शक्य नव्हते. दुसरीकडे लांबलचक हिवाळ्यासाठी मासे व मांस खारवून ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे जर्मनी, फ्रान्स आणि पोर्तुगालमधून मिठाने भरलेली जहाजे येत. हान्सा शहरांतील धनिकांना मात्र लोक उपहासाने 'मिरीची पोती' म्हणत. ही मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून अनेक हात बदलत तेथवर पोहोचे आणि तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. भारतातील एका किनाऱ्यावरची रोजची वस्तू दुसऱ्या टोकाच्या समुद्रावर श्रीमंतीची शिवी होऊन बसली होती!

शहराचे एक हत्यार विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मध्ययुगात टालिनला असा हक्क मिळाला होता की, रशियाच्या व्यापारासाठी जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्यांनी येथे थांबावे आणि आपला माल विक्रीस मांडावा. परक्या व्यापाऱ्यांनी आपापसांत परस्पर सौदे करू नयेत, स्थानिक व्यापाऱ्यांमार्फतच करावेत, असे नियमही होते. पाहुणा आला म्हणजे शहराला लाभ झालाच पाहिजे, ही व्यवस्था नियमांनी पक्की केलेली होती.

पिक्क रस्त्याने पुढे गेल्यावर काही पावलांत नगरभवनाचा चौक लागतो. चुनखडीच्या करड्या दगडाचे हे नगरभवन 1404 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा 'म्हातारा थोमस' नावाचा शिपाई 1530 पासून उभा आहे. अर्थात त्याची मूर्ती वेळोवेळी बदलावी लागली. चौकाच्या एका कोपऱ्यात औषधांचे एक दुकान आहे. 1422 च्या नोंदीत त्याचा उल्लेख येतो, तेव्हाही ते नवे नव्हते. एकेकाळी येथे जाळलेल्या मधमाश्या, वटवाघळाची पूड आणि सापाच्या कातडीचा काढा औषध म्हणून विकला जाई. आजही त्याच जागी साध्या डोकेदुखीच्या गोळ्या मिळतात. चौकातील उपाहारगृहांतले नोकर मध्ययुगीन पोशाख घालून गिऱ्हाइकांना बोलावतात. दुकानांत अंबर या पिवळ्या, पारदर्शक द्रव्याच्या माळा लटकत असतात. अंबर म्हणजे प्राचीन वृक्षांचा दगड झालेला राळेसारखा रस होय. प्रवासी तो एस्टोनियाची खूण म्हणून विकत घेतात. प्रत्यक्षात तो प्रामुख्याने बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडतो.

येथवर पाहिलेल्या शहरात एक गोष्ट जवळजवळ आढळत नाही, ती म्हणजे एस्टोनियन माणूस. किल्ला डेन राजाचा, घरे जर्मन व्यापाऱ्यांची, कायदा लुबेकचा. नंतर 1561 मध्ये स्वीडनचे आणि 1710 मध्ये रशियाच्या झारचे राज्य आले. या भूमीत मुळापासून राहणारी माणसे शहरात हमाल, गाडीवान, मोलकरीण, कारागीर म्हणून वावरत आणि खेड्यांत जमीनदारांचे भूदास म्हणून राबत. तटाच्या प्रत्येक दगडाला त्यांचे हात लागले असतील, परंतु दगडावर नाव कोरण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

त्यांची खूण शोधायची, तर नगरभवनापासून जवळच असलेल्या 'पवित्र आत्म्या'च्या लहानशा चर्चपाशी थांबावे लागते. प्रवासी येथे थांबतात ते भिंतीवरचे 1684 चे रंगीत, कोरीव घड्याळ पाहण्यासाठी. परंतु या चर्चचे खरे महत्त्व आत बोलल्या गेलेल्या शब्दांत आहे. धर्मसुधारणेच्या काळात जर्मनेतर सामान्य जनतेसाठी येथे एस्टोनियन भाषेतून प्रवचने होऊ लागली. येथील धर्मगुरू योहान कोएल यांचा हात लागलेले, एस्टोनियन मजकूर असलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक 1535 मध्ये छापले गेले. ते लवकरच नाहीसे झाले. जवळजवळ चारशे वर्षांनी, 1929 मध्ये, दुसऱ्या एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत चिकटवलेले त्याच्या काही पानांचे तुकडे हाती लागले. एका भाषेचा छापील आरंभ रद्दी म्हणून वापरला गेला होता आणि रद्दी झाल्यामुळेच तो वाचला.

त्याच 1535 या वर्षी टालिनमध्ये आणखी एक घटना घडली. योहान इक्सकुल नावाच्या एका सरदाराने आपल्या भूदासाचा जीव घेतला होता. त्या काळी खेड्यात अशा कृत्याची फारशी दाद लागत नसे. इक्सकुल शहरात आला, तेव्हा नगरसभेने त्याला पकडले, खटला चालवला आणि वेशीत त्याचा शिरच्छेद केला. सरदारवर्ग संतापला. शहराने हे न्यायप्रेमाने केले की सरदारांना आपली ताकद दाखवण्यासाठी, हे सांगणे अवघड आहे. बहुधा दोन्ही हेतू एकत्र असावेत. तटाच्या आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा वेगळी होती, एवढे मात्र त्यावरून दिसते.

एस्टोनियन ही भाषा जर्मन किंवा रशियनच्या कुळातली नाही. तिचे नाते फिनलंडच्या भाषेशी आणि दूरचे नाते हंगेरीच्या भाषेशी आहे. मराठीच्या अभ्यासकाला तिचे व्याकरण कुतूहलाचे वाटेल. मराठीत तीन लिंगे आहेत, एस्टोनियनमध्ये एकही नाही. 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द पुरतो. विभक्तीच्या बाबतीत मात्र ती उदार आहे. मराठी व्याकरण परंपरेने आठ विभक्ती मानते, एस्टोनियनमध्ये चौदा मोजतात. अकरा लाखांच्या आसपास माणसे बोलत असलेल्या या भाषेत आज विद्यापीठे चालतात, कायदे होतात, संगणकाच्या आज्ञावलींचे पडदे उमटतात. योगायोग असा की, प्रवाशाला प्रथम शिकवला जाणारा 'तेरे' हा अभिवादनाचा शब्द हिंदी जाणणाऱ्याला ओळखीचा वाटतो. अर्थ अर्थातच वेगळा.

खालच्या गावातून वरच्या टूम्पेआ टेकडीकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. एकाचे नाव 'लांब पाय', दुसऱ्याचे 'आखूड पाय'. टालिनचा एक पाय लांब व एक आखूड असल्याने ते लंगडते, अशी गावात थट्टा आहे. टेकडीवर सरदार आणि बिशप, खाली व्यापारी, अशी ही दोन स्वतंत्र गावे होती आणि त्यांचे फारसे पटत नसे. मधला दरवाजा रात्री बंद होई. आपल्याकडच्या बालेकिल्ल्याची व खालच्या पेठेची आठवण व्हावी, अशीच ही रचना. मात्र येथे पेठ बालेकिल्ल्याची आज्ञा मानत नव्हती. टेकडीच्या कडेच्या एका तोफेच्या बुरुजाचे नाव 'डोकाव स्वयंपाकघरात' अशा अर्थाचे आहे. इतक्या उंचीवरून पहारेकऱ्यांना खालच्या घरांतल्या चुली दिसत म्हणे.

टेकडीवर एस्टोनियाची संसद आहे आणि नेमके तिच्या समोर, 1900 मध्ये पूर्ण झालेले कांद्याच्या आकाराच्या घुमटांचे रशियन चर्च. झारच्या साम्राज्याने आपले अस्तित्व ठसवण्यासाठी ही जागा निवडली होती. संसदेच्या मागच्या 'उंच हेर्मान' नावाच्या बुरुजावर निळा, काळा, पांढरा असा तिरंगी ध्वज फडकतो. 1918 मध्ये एस्टोनियाने स्वातंत्र्य पुकारले. 1940 मध्ये सोव्हिएत संघाने तो देश गिळंकृत केला, 1941 ते 1944 जर्मन सैन्याचा अंमल होता, त्यानंतर पुन्हा सोव्हिएत राजवट आली. त्या काळात हा ध्वज जवळ बाळगणेही धोक्याचे होते. 24 फेब्रुवारी 1989 रोजी तो या बुरुजावर पुन्हा चढला.

महायुद्धाची जखम पाहण्यासाठी टेकडी उतरून निगुलिस्ते चर्चकडे यावे लागते. 9 मार्च 1944 च्या रात्री सोव्हिएत विमानांनी टालिनवर बाँबवर्षाव केला. शेकडो नागरिक ठार झाले, हजारो बेघर झाले आणि हे चर्च जळाले. ते पुढे बांधून काढले गेले असून आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. लुबेकचा चित्रकार बेर्न्ट नोटके याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेले 'मृत्यूचे नृत्य' तेथे आहे. मूळ चित्र खूप लांबलचक होते. उरलेला भाग सुमारे साडेसात मीटरचा आहे. त्यात हाडांचे सापळे पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल आणि राजा यांना हात धरून नाचवीत नेत आहेत. युद्धकाळात हे चित्र अगोदरच हलवलेले असल्यामुळे बचावले. टालिनमध्ये एकच वस्तू पाहण्याइतका वेळ असेल, तर चौकातल्या दुकानांपेक्षा या अंधाऱ्या दालनात दिलेली दहा मिनिटे अधिक मोलाची ठरतील.

गायनोत्सवाचे मैदान मात्र पायी फिरणाऱ्याच्या टापूत येत नाही. ते किनाऱ्याच्या कडेने पूर्वेला काही किलोमीटरवर आहे. एस्टोनियन लोकांनी 1869 मध्ये तार्तू या गावी पहिला मोठा गायनोत्सव भरवला आणि साधारणपणे दर पाच वर्षांनी हजारो कंठांनी एकत्र गाण्याची प्रथा पाडली. सोव्हिएत काळातही ती टिकली. सप्टेंबर 1988 मध्ये या मैदानावर सुमारे तीन लाख माणसे जमली, असे सांगतात. म्हणजे राष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा. 23 ऑगस्ट 1989 रोजी टालिनपासून रिगामार्गे विल्नियसपर्यंत सुमारे सहाशे किलोमीटरची मानवी साखळी उभी राहिली. हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी केलेल्या ज्या कराराने हे तीन छोटे देश वाटून टाकले होते, त्याला त्या दिवशी पन्नास वर्षे होत होती. 20 ऑगस्ट 1991 रोजी एस्टोनियाने आपले स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले. या लढ्याला 'गाणारी क्रांती' म्हणतात.

टालिनचे जुने शहर 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यानंतर क्रूझ जहाजांची वर्दळ वाढत गेली आणि महामारीपूर्वीच्या 2019 या वर्षी त्यांतून सहा लाखांहून अधिक प्रवासी उतरले, म्हणजे शहराच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त. 2020 मध्ये हा ओघ एकाएकी आटला. 2021 मध्ये बंदरात नवे क्रूझ स्थानक तयार झाले. परंतु 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर जहाजकंपन्यांनी सेंट पीटर्सबर्ग आपल्या मार्गांतून वगळले. बाल्टिकच्या सफरीचे ते मोठे आकर्षण होते. त्याचा फटका शेजारच्या टालिनलाही बसला.

येथे मध्ययुगीन हक्काची आठवण होते. तेव्हाच्या पाहुण्याला थांबणे भाग होते. आजचा पाहुणा थांबत नाही. त्याचे अंथरूण जहाजावर, न्याहारी जहाजावर, रात्रीचे जेवणही तेथेच. शहरात तो एखादी कॉफी घेतो, एखादी माळ विकत घेतो, छायाचित्रे काढतो आणि चारच्या आत परततो. दोन-तीन जहाजे एकाच दिवशी आली, तर अरुंद गल्ल्यांत दुपारी बारा वाजता चालणे कठीण होते आणि सायंकाळी त्याच गल्ल्या रिकाम्या पडतात. भाजीपाला, किराणा, चप्पलदुरुस्ती यांची दुकाने अशा वस्तीत टिकत नाहीत. त्यांची जागा आठवणवस्तूंची दुकाने घेतात. उलट बाजूही आहे. प्रवाशांनी दिलेला बंदरकर, वाटाड्यांचे वेतन, वस्तुसंग्रहालयांची तिकिटे हे उत्पन्न लहान देशाला नगण्य नसते. समुद्राच्या बाबतीत नियम कडक झाले आहेत. 2015 पासून बाल्टिकमधील जहाजांना अत्यल्प गंधकाचे इंधनच वापरावे लागते, आणि प्रवासी जहाजांनी मैलापाणी प्रक्रियेवाचून समुद्रात सोडण्यास बंदी आहे. या बंदिस्त समुद्राचे पाणी पूर्णपणे बदलण्यास पंचवीस-तीस वर्षे लागतात. त्यात टाकलेली घाण सहजासहजी वाहून जात नाही.

दुपारी चारच्या सुमारास पिक्क रस्त्यावरचा प्रवाह उलटा वाहू लागतो. हातांत पिशव्या, पाय दुखलेले, नजर वारंवार घड्याळाकडे. जाडी मार्गारेट मागे पडते, तुटलेली रेषा मागे पडते, शिडीपाशी ओळखपत्रे पुन्हा यंत्राला लावली जातात. पाच वाजता दोर सुटतात आणि ओलेविस्तेचा मनोरा हळूहळू लहान होऊ लागतो. त्यानंतर टालिनमध्ये आणखी साडेपाच तास ऊन असते. चौकातल्या खुर्च्या मोकळ्या होतात, मध्ययुगीन पोशाख खुंटीला लागतात आणि लिन्नाहालच्या गवत उगवलेल्या पायऱ्यांवर गावातली तरुण मुले समुद्राकडे तोंड करून गप्पा मारत बसतात.